शिवलीला मॅडमनी माझा स्क्रीन बंद केला तो दिवस

शिवलीला मॅडमची आणि माझी ओळख सांगायची तर आधी एक खोडी कबूल करावी लागतीय. सोलापुरात मॅडमचं वेबसाइट करायचं छोटं ऑफिस आहे. त्याआधीपासून, लई वर्षं, त्या टायपिंगही शिकवतात. मी बारावी नापास. कामाला लागलो आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या कीबोर्डची बटणं उपसून उलटीपालटी बसवली. मॅडमनी खाली न बघता अख्खं पत्र टाइप केलं, एक चूक नाही. मग माझ्याकडंही न बघता म्हणाल्या, "सोमा, बटणं नीट लाव. दुपारी पोरी शिकायला येत्यात."

त्या मॅडम आता साठ वर्षांच्या झाल्या. या गौरव अंकात त्यांचे बाकीचे गुण मोठी माणसं लिहितीलच. मी त्यांच्या कामाचं आणि माझ्या चुकीचं लिहितो.

मॅडमचं म्हणणं, आपण केलेलं पान डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही वापरता आलं पाहिजे. अशी माणसं मोबाइल कानानं चालवतात. बोट फिरवलं की मोबाइल बोलून सांगतो, हितं काय आहे ते. पण चित्र असलं तर त्याच्यामागं आपण नाव लिहून ठेवावं लागतं. ते पडद्यावर दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

दिसत नाही म्हणजे कोण बघतंय, असं मला वाटलं.

एका शिक्षणसंस्थेत टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली होती. तिचा ऑनलाइन अर्ज बनवायचं काम आमच्याकडं आलं. फोटो, सही, दाखला, तिन्ही रकान्यांवर नुसती चित्रं. मी मागं नावं लिहिली: "थोबाड चिकटवा", "कोंबडीचे पाय" आणि "हितं काय नाही, पुढं चला". तपासायचं सॉफ्टवेअर नाव आहे का नाही एवढंच बघतंय. सगळीकडं हिरवी खूण आली.

शेवटच्या दिवशी पाचला अर्ज बंद होणार होता. सव्वाचारला फोन आला. मॅडमनी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मी तानाजी, मोहोळकडचा. मला दिसत न्हाय. पानाच्या खाली तुमचा नंबर हाय म्हनून लावला. दोन दिस झालं, अर्ज जाईना."

"मोबाइल काय म्हणतोय?"

"फोटोला थोबाड म्हनतोय. त्ये कळलं मला. सही बी अंदाजानं लावली. फुडं म्हनतोय हितं काय न्हाय, म्हनून गेलो फुडं."

ऑफिसात कोणी हसलं नाही. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

मी फोनकडं वाकून म्हणालो, "दादा, तो रकाना दाखल्याचा आहे. लावा आणि पाठवा."

पाच मिनिटांनी परत फोन. "लावला की. तरीबी जाईना."

आणखी कुठं तरी चुकलं होतं. चुकलेला रकाना लाल व्हायचा, बोलायचा नाही. तानाजीला लाल दिसणार कसा?

"साकू," मॅडम म्हणाल्या. कानडीत म्हणजे बस झालं. त्या कानडीवर आल्या की आम्ही गप्प. "सगळी नावं बदल. चुकलं तर ते बोललं पाहिजे. बस."

मी नावं बदलायला बसलो. साडेचार झाले, पावणेपाचला दोन कमी असताना म्हणालो, झालं. हिरवी खूणही आली. मॅडमनी माझा स्क्रीन बंद केला, माउसची वायर उपसली, माझ्या कानाला हेडफोन लावला.

"आता भर."

"मॅडम, वेळ चाललाय की."

"भर म्हणते ना."

मी मुद्दाम एक रकाना चुकवला. कानात आवाज आला, "चूक आहे."

"कुठली चूक, कळलं का तुला?"

"नाही."

"मग त्याला कळंल?"

पुन्हा स्क्रीन लावून दुरुस्त केलं. आता पान चुकलेल्या रकान्याचं नाव बोलायला लागलं. पाचला दहा कमी होते. मॅडमनी तानाजीला फोन लावला. "पान नव्यानं उघडा. गडबड करू नका. झालं की तुम्हीच फोन करा, आम्ही मधी बोलत नाही."

मग नुसतं बसायचं. चहा आला, कोणी घेतला नाही. मी दोनदा फोनकडं हात नेला, मॅडमनी दोनदा बाजूला केला. पाचला दोन मिनिटं कमी असताना तो वाजला.

"जन्मतारीख चुकलीया म्हनाला. महिना आन् दिवस उलटं घातलंतं मी. नीट केलं. गेला अर्ज."

मॅडमनी फोन माझ्या हातात दिला. "नावं कुणी लिहिली, सांग त्याला."

"दादा, ती मी लिहिली. मजा म्हणून."



"थोबाडाला मी बी हसलो बग पयल्यांदा," तानाजी म्हणाला. "मग दोन दिस न्हाय हसलो."

त्याच संध्याकाळी मॅडमनी संस्थेला पत्र लिहिलं. चूक आमच्या ऑफिसची आहे, आणखी कोणी अडकलं असेल, एक दिवस मुदत वाढवा. खाली सही त्यांची. माझं नाव कुठंच नाही. संस्थेनं मुदत वाढवली आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं. मॅडम मला त्यावरून एक शब्द बोलल्या नाहीत. तानाजीला मुलाखतीला बोलावलं, जागा मात्र दुसऱ्या बाईंना मिळाली. आता आमचं प्रत्येक नवीन पान आधी तानाजी ऐकतो आणि मला फोनवर झाडतो.

मॅडमना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे आणि साखर ताब्यात राहोत. त्या नव्वदीला पोचतील तेव्हा नजर मंद होईल, बोटं थरथरतील. त्या वेळी दवाखान्याची वेळ घ्यायला, नातवाला निरोप धाडायला त्यांना कोणाची वाट बघायला लागू नये. तशी पानं करून ठेवायला आम्हाला अजून तीस वर्षं आहेत, आणि मॅडमनी ती सगळी वर्षं आमच्या डोक्यावर उभं राहून काढावीत.