पासिंगचे टायर

२१ मे १९९६. एकशे बारा दिनार पाचशे फिल्स. आमच्या एसी दुरुस्तीच्या कंपनीतला टेक्निशियन लहू सरतापे याने चार टायरांच्या किमतीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि तेवढा ॲडव्हान्स मागितला. त्याचा पगार एकशे साठ. आधीचा ॲडव्हान्स फिटल्याशिवाय दुसरा नाही, हा नियम अकाउंटंट म्हणून मीच लिहिला होता आणि त्याचा आधीचा अजून फिटायचा होता. मी कागद परत केला.

“मग जीपचं पासिंग कसं करू, कर्णिकसाहेब?”

“गेल्या वर्षी केलंस तसं.”

तो कागदाची घडी करत राहिला. ती घडी मला अजून दिसते, कारण ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं होतं.

गेल्या वर्षी कसं केलं, ते सांगायला हवं. इथे बहरीनमध्ये दरवर्षी गाडीची तपासणी होते, तेच पासिंग. नापास गाडीचं रजिस्ट्रेशन पुढे चालत नाही. एक्क्याण्णव साली एक बांधकाम कंपनी बंद पडली आणि तिच्या सात सीटांच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या. आम्ही सहा मराठी कुटुंबांनी एकेक घेतली. मग आलोशियसला कल्पना सुचली. वसईचा हा गृहस्थ एका हॉटेलात स्टोअरकीपर. चाकांसकट चांगल्या टायरांचा एकच सेट सहा जणांत घ्यायचा, प्रत्येकी नऊ दिनार. ज्याचं पासिंग असेल त्याने आदल्या संध्याकाळी तो चढवायचा आणि पास झालं की उतरवून परत द्यायचा. उरलेले दिवस आपले गुळगुळीत टायर. सेट झिंज या आमच्या वस्तीत आलोशियसच्या बाल्कनीत राही. आम्ही याला सहकार म्हणत होतो. माझी जीपही दोनदा त्यावरच पास झाली. आज लिहिताना किळस येते, तेव्हा आली नाही.

लहू फलटणकडचा, आयटीआय झालेला. त्याची एक सवय ग्राहकांना त्रास देई. एसी दुरुस्त झाला तरी तो जॉब कार्डावर सही करत नसे. वीस मिनिटं वाऱ्यात हात धरून उभा राही आणि मगच सही करी. बाकीचे दिवसाला सहा कामं उरकत, हा चार. पण त्याने केलेल्या कामासाठी दुसऱ्यांदा फोन आल्याचं माझ्या रजिस्टरात नाही. त्याची जीप पहिल्या वर्षी सरळ पास झाली. दुसऱ्या वर्षी हँडब्रेकवर अडली, तिसऱ्या वर्षी धुरावर. दोन्ही वेळा त्याने शुक्रवारी जीपखाली पडून स्वतः काम केलं. टायर मात्र हाताने नवे होत नाहीत. तोवर सेटला हात न लावलेल्या अशा माणसालाही पंचाण्णव साली आम्ही आमच्यात ओढलं.

त्याला पासिंग टाळता येणार नव्हतं. स्वतःची गाडी असलेल्या टेक्निशियनलाच कंपनी चाळीस दिनार अलाउन्स आणि घरभाडं देई. रजिस्ट्रेशनची कॉपी एकतीस मेपर्यंत माझ्याकडे यायला हवी होती. नाही आली तर दोन्ही बंद. मग बायको भावना आणि मुलं प्रबुद्ध, अक्षता यांना गावी पाठवून लहूने लेबर कँपमधल्या खाटेवर जायचं.

शनिवारी, पंचवीस तारखेला, सेट चढवून तो पासिंगला गेला. कागद भरून द्यायला मी सोबत होतो. तपासनीस वयस्कर बहरीनी होता. त्याने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, मग खाली बसून टायरच्या बाजूला अंगठा दाबला. रबरात केसासारख्या भेगा उघडल्या. पाच उन्हाळे बाल्कनीतल्या उन्हात टायर भाजून निघाले होते. नक्षी नवी आणि रबर मेलेलं.

“ऊपर नया, अंदर बुड्ढा,” तो म्हणाला. मागच्या सीटवर अक्षताची पाण्याची बाटली होती. ती बघून त्याने विचारलं, “इसमें बच्चा बैठता?”

लहू म्हणाला, “बैठता.”

“शरम नहीं?” आवाज न चढवता त्याने फॉर्मवर फुली मारली.

संध्याकाळी आम्ही सेट घेऊन आलोशियसकडे गेलो. त्याने हॉटेलातल्या काळ्या बूट पॉलिशच्या चार डब्या काढून ठेवल्या.

“भेगा भर आणि परवा गाडी दुसऱ्या तपासनिसाच्या लाइनीत लाव, लहूशेठ. एवढं काय तोंड पाडतोस?”

तिथे रत्नागिरीचा ताहिरही बसला होता. सहातला एक. “जरा लवकर बघा हां, मंगळवारी माझं पासिंग. आणि या वेळी सेट आठ दिवस माझ्याकडे राहील. गुरुवारी उमऱ्याला निघतोय, जीपनेच मक्केला. खदिजा, पोरं, सगळीच.”

“ह्येच टायर घालून, ताहिरभाई?” लहूने विचारलं.

“माझे तर पार टक्कल झालेत. आलोशियस हो म्हणालाय.”

लहूने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून भेगेवर टेकवला. टोक सहज आत गेलं. “वाळवंटात फुटत्याल ह्ये.”

“इंशाल्ला, नाही फुटत,” ताहिर हसला.

“गेल्या वर्षी नाही बोललास ते?” आलोशियस म्हणाला. “तेव्हा तुझी गरज होती. आता तू नापास, तर सगळ्यांनी नापास व्हायचं काय?”

“गेल्या सालीच बोलाय पाह्यजे हुतं,” लहू म्हणाला.

आलोशियसची बायको आल्बिना चहा घेऊन आली. तिने विचारलं, “उमऱ्याला किती किलोमीटर?” तेरा-चौदाशे, असं ताहिरने सांगितलं. “आणि पॉलिश पुरेल तिथवर?” ती म्हणाली. सगळ्यांनी कप उचलले. मीही चहा पीत राहिलो.

पॉलिश खाली जाऊन लावतो, असं सांगून लहू उठला. पार्किंगमध्ये त्याने आपले जुने टायर चढवले आणि सेट भिंतीला टेकवून ठेवला. मग हत्यारांच्या पेटीतली सुरी काढून चारही टायरांच्या बाजू, एकेक करून, आरपार कापल्या. प्रत्येक टायर उलटवून दुसरी बाजूही कापली. घाई नव्हती. वर बाल्कनीत माझ्या शेजारी उभा आलोशियस ओरडत होता, “माझा माल आहे तो, मेल्या. नऊ दिनार माझेही आहेत.”

“सगळ्यांचं फेडीन,” लहूने खालून सांगितलं आणि सुरी पुसली.

लहूच्या अंगात मस्ती आली, असं त्या आठवड्यात सगळे म्हणाले. काहींनी त्याची जातही काढली. आम्हा सुशिक्षित मंडळींच्या तोंडून काय काय निघतं, ते मी तेव्हा ऐकलं. ऐकून घेतलं, हे जास्त वाईट.

एकोणतीस तारखेला लहू ऑफिसात आला. जूनमध्ये तो दोन वर्षांनी रजेवर गावी जाणार होता. आई, लीलाबाई, एकटी होती. त्याने रजा रद्द केली आणि तिकिटाचे पैसे रोख मागितले. नियमात ते बसत होतं. एकशे अठरा दिनार मी त्याच्या हातावर मोजले. त्याने माझ्याच टेबलावरून गावी फोन लावला आणि शेजाऱ्याला आईला बोलवायला सांगितलं.

“आये, औंदा न्हाई जमत. न्हाई, सगळी बरी हाईत. गाडीचं काम निघालं.”

तीस तारखेला जीप पास झाली. त्याच दिवशी कॉपी माझ्या फायलीत लागली. भावना आणि मुलं झिंजच्या घरातच राहिली. ताहिरने शिव्या देत नवे टायर घेतले आणि दोन आठवडे उशिरा उमऱ्याला जाऊन सुखरूप परत आला. लहूशी तो बोलत नाही.

लहूने पगारातून एकेकाचे नऊ दिनार फेडायला घेतले. ताहिरने मोजून घेतले. मी नको म्हणायला हवं होतं, पण मीही घेतले आणि पावती दिली. सहातल्या आणखी दोघांचेही गेले. आता फक्त आलोशियसचे नऊ दिनार द्यायचे राहिले आहेत.