डावी भुवई केसभर वर

काशीराम आणि मी कणकवलीजवळच्या शाळेत एकाच बाकावर बसलो. चौथीत त्याने गुरुजींचं तोंड मातीत घडवलं आणि डावी भुवई जरा वर ठेवली. छडी खाल्ली. पण घरी जाऊन गुरुजींनी आरसा बघितला असावा, कारण ते तोंड त्यांनी गुपचूप कपाटात ठेवलं आणि निवृत्त होताना घरी नेलं.

तोच काशीराम पुढे साकीनाक्याच्या एका गाळ्यात कपड्यांच्या दुकानांसाठी फायबरचे पुतळे करू लागला. अडतीस वर्षं त्याने तोंडं घडवली. बोरीवलीच्या एका साडीच्या दुकानात त्याच्या पुतळ्याला एक बाई "जरा सरका हो" म्हणाली, हे मी स्वतः ऐकलंय. हल्ली दुकानांना बिनडोक्याचे पुतळे लागतात. "आता माझं काम मानेपाशी संपतं," असं तो हसत सांगतो. मला काही हसू येत नाही.

आम्ही नाहूरला राहतो, काशीराम खालच्या मजल्यावर. माझी नात गंधाली जपानी पद्धतीच्या चित्रकथा काढते, त्यांना मांगा म्हणतात. तिच्या कथेत इरावती नावाची एकटी बाई आहे आणि तिच्या सोबतीला घरात आणलेलं, हुबेहूब माणसासारखं यंत्र, माधुरी. शंभर पानांत दोघींचं मैत्र जमतं. प्रकाशकाने पानं दोनदा परत पाठवली. म्हणे, माधुरी पहिल्या पानावरच माणूस वाटते, मग पुढे वाचायचं काय? गंधालीने तिच्या मानेवर स्क्रू रेखाटले, तर ती पत्र्याचा डबा दिसायला लागली. आता शेवटची संधी, आणि हातात पंधरा दिवस. पोरगी धड जेवेना.

मी पानं उचलली आणि खाली निघालो.

"आजोबा, काशीआजोबांना मांगातलं काय कळणार?"

"मला तरी कुठे कळतं? पण तोंडातलं त्याला कळतं. चल."

काशीरामने चष्मा चढवला. माधुरीच्या अर्ध्या चेहऱ्यावर तळहात ठेवला, मग दुसऱ्या अर्ध्यावर. पुन्हा तेच.

"गो बाय, हिच्या दोन बाजू सारख्या नाहीत."

"माणसाच्या नसतातच ना."

"म्हणून तर सांगतो. साच्यातून तोंड निघायचं ते दोन्हीकडून अगदी सारखं. गिऱ्हाईक बघून पुढे जायचं. मग मी डावी भुवई केसभर वर घ्यायचो. की बाई थांबलीच."

"म्हणजे पहिल्या पानावर..."

"साच्यातली ठेव. स्क्रू पूस आधी, पंखा आहे काय ती? मग दोघींची ओळख वाढेल तशी भुवई, ओठाचा कोपरा, थोडं थोडं हलव. घाई केलीस तर वाट लागली."

पंधरा दिवस दोघं त्याच्या टेबलाशी बसली. त्याने पेन्सिलीला हात लावला नाही. नुसता तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "घाई झाली." चाळिसाव्या पानावर भांडण, कारण माधुरी हसली होती.

"काशीआजोबा, तिला विनोद कळलाय."

"कळू दे. हसू दाबते असं काढ. आधी दाबायला येतं, मग हसायला."

हे तो कुठल्या शाळेत शिकला कोण जाणे. आमच्या शाळेत तरी नव्हतं.

महिन्याने प्रकाशकाचं पत्र आलं. पानं घेतली होती. आम्ही पाच जणांनी वाचली, असं लिहिलं होतं, आणि माधुरी नेमकी कुठल्या पानावर माणूस वाटू लागली, यावर पाचही जणांचं उत्तर वेगळं. मी ते काशीरामला मोठ्याने वाचून दाखवलं.

"नीट ऐकू आलं नाही. पुन्हा वाच."

त्याचे कान खणखणीत आहेत. मी चारदा वाचलं.

पुस्तकात आतल्या पानावर गंधालीच्या नावाखाली छापलंय, 'चेहऱ्यांचे गुरू: काशीराम'. पहिली प्रत घेऊन तो मला गाळ्यावर घेऊन गेला. दाराशी बिनडोक्याचे पुतळे रांगेने उभे होते. त्यातल्या एकाच्या मानेवर त्याने पुस्तक उघडून उभं केलं. शेवटचं पान, माधुरीचा मोठा चेहरा.

गाळ्याचा मालक चंद्रप्रकाश आतून म्हणाला, "काशीराम, उतरव ते. गिऱ्हाईक बघत उभं राहील."

"राहू दे की," काशीराम म्हणाला, आणि पुस्तक जरा रस्त्याच्या बाजूला वळवलं.