दोन राजे हातात असताना

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत मराठी शिकवत होतो. लग्न होऊन सहा महिने झाले होते. पहिल्या दिवाळीला जावयानं सासरी जायचं, म्हणून बायको दसऱ्यालाच सांगलीजवळच्या माहेरी जाऊन थांबली होती. सासऱ्यांची तिथं हळदीची शेती. त्यांचं पत्र आलं होतं, ‘वसुबारसेला यावे, वाट पाहतो.’ पत्र तीन ओळींचं होतं, पण त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून लिहवून न घेता स्वतः लिहिलं होतं.

शाळेत दिवाळीलाही दहा-बारा मुलं उरायची. त्यांचे आईबाप आफ्रिकेत. त्यांच्याजवळ एका शिक्षकानं राहायचं असे. त्या वर्षी पाळी माझ्यावर किंवा पीटीच्या सरांवर होती. हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही दोघं ठरवा आणि मला सांगा.”

पीटीचे सर पाटणकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. बायकामुलं गावी. मागची दिवाळी त्यांनीच वसतिगृहात काढली होती. तरी तेच म्हणाले, “सर, पयला सण हाय तुमचा. जावा तुमी. मी ऱ्हातो.”

मी “बरं” म्हणून निघून जायला हवं होतं. पण माझ्या आधी नोकरीला लागलेल्या माणसाचे उपकार घ्यायचे, तेही सलग दुसऱ्या दिवाळीला, हे मला जमेना. मी म्हणालो, “असं नको. नशिबावर ठरवू.”

आमचे विज्ञानाचे सर पूर्वी मालवाहू बोटीवर होते. तिथून त्यांनी पोकरचा एक प्रकार शिकून आणला होता, आणि पावसाळ्यातल्या रविवारी आम्ही तो स्टाफरूममध्ये खेळायचो. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळत. मग मधे तीन पानं उघडी पडत, मग एक, मग आणखी एक. ती पाच सगळ्यांची. आपली दोन त्यांत मिसळून ज्याचा मेळ भारी, तो जिंकला. डाव लावायला काड्यापेटीतल्या काड्या. ज्याच्या काड्या संपतील त्यानं दिवाळीला थांबायचं, असं ठरलं.

“तुमची मर्जी,” पीटीचे सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

रविवारची दुपार होती. पानं विज्ञानाचे सर वाटत होते. सुरुवातीला मीच पुढे होतो. तासाभरात पीटीच्या सरांच्या बऱ्याच काड्या माझ्याकडे आल्या आणि मी मनातल्या मनात एसटीच्या वेळा जुळवायला लागलो. वाईला गाडी बदलायची, साताऱ्याला बदलायची, कराडवरून सांगली.

मग पुढच्या काही डावांत काड्या परत त्यांच्याकडे गेल्या, दोघांच्या जवळपास सारख्या झाल्या, आणि मला दोन राजे आले. इस्पिकचा आणि चौकटचा. इतके दिवस खेळत होतो, पण अशी जोडी हातात पहिल्यांदाच आली होती. मी पंधरा काड्या पुढे सरकवल्या. सरांनी आपली पानं एकदा पाहिली आणि तितक्याच काड्या टाकल्या.

मधली तीन पानं उघडली. एक्का, नव्वी, चौकी.

समोरच्याकडे एक एक्का जरी असला तरी मधल्याशी त्याची जोडी होऊन माझे दोन्ही राजे पडले, हे मला कळत होतं. सरांनी शांतपणे दहा काड्या पुढे केल्या. पानं टाकून हा डाव सोडायचा, असं डोकं सांगत होतं. हात मात्र दहा काड्या मोजत होता. चौथं पान सत्ती. माझ्या काही कामाचं नाही. सरांनी आणखी काड्या लावल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाले, “सर, सोडा. अजून हायेत की काड्या तुमच्याकडं.”

ते मला खरं तेच सांगत होते. मला वाटलं, घाबरवतायत. हातात दोन राजे असताना आपण हरू, हे मनाला पटेचना. इतकी चांगली पानं मिळाली ती काय फेकायला? मी उरलेल्या सगळ्या काड्या दोन्ही हातांनी पुढे लोटल्या. सरांनीही तितक्याच टाकल्या. शेवटचं पान दुर्री निघालं. सरांनी आपली पानं उलटी केली. चौकटचा एक्का आणि एक छक्की.

मधल्या सगळ्या काड्या त्यांच्या झाल्या, माझ्यापुढे एकही नाही. “ऱ्हाऊ द्या सर,” ते म्हणाले, “खेळ झाला. तुमी जावा गावाला.”

“नाही,” मी म्हणालो. दुसरं काही म्हणणं मला शक्यच नव्हतं.

सासऱ्यांना मात्र मी लिहिलं, ‘हेडमास्तरांचा हुकूम झाला. नाइलाज आहे.’

नरकचतुर्दशीला मुलांना तेल लावून आंघोळी घालत होतो. वर पाहिलं तर फाटकातून सासरे येत होते. डोक्याला फेटा, एका हातात फराळाचा डबा, काखेत नव्या कापडांचं गाठोडं. रात्री साताऱ्याच्या स्टँडवर बाकड्यावर निजून पहिल्या गाडीनं आले होते. त्यांनी शिपायाला काहीतरी विचारलं आणि माझ्याकडे न येता थेट हेडमास्तरांच्या बंगल्याकडे वळले. माझे हात तेलानं माखलेले, समोर एका पोराच्या डोळ्यांत साबण गेलेला. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. बंगल्याच्या पायरीवर ते हात जोडून उभे राहिलेले मला लांबून दिसत होते.

पाच मिनिटांनी परत आले. डबा कट्ट्यावर ठेवला.

“सायेब म्हनले, त्यांनी काय हुकूम दिला न्हाई. तुमी तुमचं ठरवलं.”

मी सगळं सांगितलं. पत्ते, काड्या, राजे. सांगताना ते किती पोरकट वाटत होतं, तरी थांबता येईना. ते जमिनीकडे बघत ऐकत होते.

“मग घरी काय सांगायचं?” मी विचारलं.

“तिला तुमीच सांगा, जावयबापू. मी डबा घिऊन आलोय, निरोप न्यायला न्हाई.”

मी जेवायला थांबा म्हटलं. थांबले नाहीत. दुपारच्या गाडीनं परत गेले.

सुट्टी संपता संपता चार दिवस मिळाले, तेव्हा सासरी गेलो. माडीवर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पाडव्याला सगळी गल्ली आली होती जावई बघायला. नवं लुगडं नेसून बसले होते मी. एकेकीला सांगितलं, हेडमास्तरांनी सोडलं नाही म्हणून. आता मी काय करू?”

खालून तिला कुणीतरी हाक मारली.

“आता तेच खरं राहू दे,” ती म्हणाली आणि खाली गेली.

तेच राहिलं. पुढं कितीतरी वर्षं त्या गल्लीत पाऊल टाकलं की कुणीतरी म्हातारी अडवायची. “आवं, तुमचा त्यो हेडमास्तर! पयल्या सणाला माणसाला सोडंना म्हंजे काय! लय वंगाळ माणूस.” शेजारी सासरे उभे असायचे, दुसरीकडे बघत. आणि ज्या माणसानं माझं कधी काही वाईट केलं नाही, त्याच्याविषयीच्या शिव्या मी मान हलवत ऐकून घ्यायचो.