मुलगी आली, मुलगी आला

सत्तरच्या दशकात मी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि महिन्याला एक रहस्यकथा लिहीत होतो. पातळसं पुस्तक, भडक मुखपृष्ठ. वाचनालयांत त्यासाठी नंबर लागायचे. शनिवार पेठेतल्या एका छापखान्याचे मालकच माझे प्रकाशक होते.

खुनी कोण, हे ठरवायला मला वेळ लागत नसे. वाचकाच्या मनात त्याच्याबद्दल आधीपासून अढी हवी, मग मी त्याला बाहेरून आणायचो. कधी गुरखा, कधी पठाण, कधी मद्रासी आचारी. त्याच्या तोंडी मोडकं मराठी घातलं की अर्धं काम व्हायचं. एका पुस्तकात सिंधी स्मगलर आणला, तो वाचकांना इतका आवडला की पुढच्याच पुस्तकात मी आणखी एक सिंधी घेतला. या वेळी अपहरण होतं. तो फोनवर धमकी देतो, "मुलगी घरी आला नाही तर पोलिसात जाऊ नको." शेवटच्या प्रकरणात माझा गुप्तहेर सगळ्यांसमोर सांगतो, की 'मुलगी आला' हे शब्द ऐकताच मी ओळखलं, हा माणूस इथला नव्हे. सगळं रहस्य त्या एका 'आला'वर उभं होतं.

त्या महिन्यात बहिणीचं लग्न होतं. प्रुफं बघायला सवड नव्हती. मीच मालकांना सांगितलं, तशीच छापा.

पुस्तक बाजारात गेलं आणि आठवड्यात एक पोस्टकार्ड आलं. कर्वेनगरच्या एका निवृत्त शिक्षकांचं होतं. बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: "आपल्या गुप्तहेरास शुद्ध मराठी बोलणारा मनुष्य परका वाटतो, हे वाचून करमणूक झाली. त्या हिशेबाने मीही संशयित ठरतो. कळावे."

मला काही समजेना. पुस्तक उघडून पाहिलं. फोनवर खलनायक स्वच्छ म्हणत होता, "मुलगी घरी आली नाही तर पोलिसात जाऊ नका." त्याचं प्रत्येक वाक्य असंच दुरुस्त झालं होतं. आणि शेवटी माझा गुप्तहेर छाती पुढे काढून सांगत होता, की 'मुलगी आली' हे शब्द ऐकताच मी ओळखलं.

मी तसाच छापखान्यात गेलो. मालकांकडेही तोवर दोन वाचनालयवाल्यांच्या तक्रारी आल्या होत्या. त्यांनी माझ्या पुस्तकाचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला बाहेर बोलावलं. पस्तिशीतला, चष्मा लावणारा, बोटं शिशानं काळी झालेली. मी त्याला तीन वर्षं पाहत होतो आणि तो मराठीच असणार असं धरून चाललो होतो. तो सिंधी होता. फाळणीत दहा वर्षांचा असताना आईबरोबर कराचीहून आला, पिंपरीच्या छावणीत वाढला, इथल्याच शाळेत शिकला, हे मला त्या दिवशी कळलं.

मालक बरंच बोलले. त्यानं मान खाली घातली नाही, आवाजही चढवला नाही. मी विचारलं, चूक झाली की मुद्दाम केलंत?

"पहिल्या प्रकरणात तुमच्या हातून चूक झाली असं वाटलं, म्हणून नीट केलं," तो म्हणाला. "शेवटच्या प्रकरणात कळलं. तरी आधीचं तसंच ठेवलं आणि तिथेही 'आली' केलं."

"का पण?"

"मागचं पुस्तक तुमच्या अक्षराबरहुकूम जुळवलं होतं साहेब. तेव्हापासून मशीनवरचे लोक मला त्या स्मगलरच्या वाक्यानं हाक मारतात. हे पुस्तक जुळवत होतो तेव्हा एकदा आई डबा द्यायला आली, तर तिलाही तेच ऐकवलं. ती खरंच तसं बोलते, 'मुलगी आला' म्हणते. तिला वाटलं, कोणी आपुलकीनं आपल्यासारखं बोलतंय. ती हसली."

मालक माझ्याकडे वळले. तुम्हीच सांगा, ठेवू की काढू, असं त्यांनी विचारलं. त्या क्षणी मी काहीही बोललो असतो तरी त्यांनी ऐकलं असतं. मी म्हणालो, छापखाना तुमचा आहे, तुम्ही बघा. आणि सायकल काढून घरी आलो.

त्याला काढल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. मग मला एका जागी बसवेना. कचेरीत फाईल उघडायची, बंद करायची. घरी कागद पुढे ओढायचा आणि उठून गॅलरीत जायचं. शेवटी एका रविवारी ट्रंकेतली माझी सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली. एकाही पुस्तकात खुनी पेठेतला नव्हता. आणि आमच्या आळीत, समोरच्याच घरात, दोन वर्षांपूर्वी एक सून स्टोव्हच्या भडक्यात गेली होती. आदल्या दुपारचं रडणं, दार आपटणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पोलीस आले तेव्हा मी म्हणालो, काही ऐकू आलं नाही. त्या घरातली माणसं फार सुंदर मराठी बोलत.

मी ती गोष्ट लिहायला घेतली. हात सारखा थांबायचा, पण दोन महिन्यांत पुरी केली. मधेच एकदा मालकांना भेटून कंपोझिटरला परत घ्या म्हणालो. त्यांच्याकडे माणसं कमीच होती, ते कुरकुरत तयार झाले. तो लोणी काळभोरला एका लहान छापखान्यात लग्नपत्रिका जुळवतो असं कळल्यावर बसनं तिथे गेलो. त्यानं बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. मी माफी मागितली. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, असं म्हणालो.

"हो, बोलायला हवं होतं," तो म्हणाला. परत यायला तो तयार झाला नाही. आई इथे रमली आहे, शेजारची बाई तिला रोज शेतावर घेऊन जाते, एवढंच सांगितलं. मी निघालो तेव्हा तो पुन्हा खिळ्यांच्या खणांपुढे उभा राहिला होता.

सुनेची गोष्ट मालकांनी नाकारली. वाचकाला शेजारचा खुनी नको असतो, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या एकानं छापली, पण वाचनालयांत ती पडून राहिली. आमच्या आळीत मात्र ती वाचली गेली असावी. समोरच्या घरातले, त्या सुनेचे सासरे सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसायचे, ते मी जिना उतरताना दिसलो की पेपरची घडी घालून आत जायला लागले. मी तिथे आणखी अकरा वर्षं राहिलो. रोज सकाळी जिना उतरायच्या आधी मी क्षणभर थांबायचो.