मी टँकर ओळखला

गेल्या गुरुवारी दुपारी पाटोद्याला माझ्या बॅटरीच्या दुकानात एक मायलेक आले. थेट दिंद्रुडहून, एसटी बदलत बदलत. लेक दत्तात्रयराव, पंचावन्नच्या आसपासचे. आई सुभद्राबाई, पंचाहत्तरीच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो... जुन्या फोटोतले ट्रक ओळखायचा मला नाद आहे. पुढची जाळी, दिव्यांची ठेवण, मडगार्डची गोलाई बघून गाडी कुठल्या काळातली ते सांगतो. त्यातही पेट्रोल-रॉकेलचे टँकर म्हणजे माझा जीव की प्राण. या फेसबुक पेजवर लोक वाहवा करतात आणि मी फुगतो... खोटं कशाला बोलू?

दत्तात्रयरावांच्या मुलीनं घरी हे पेज दाखवलं होतं, म्हणून ते फोटो घेऊन आले होते. काडेपेटीएवढा, पिवळा पडलेला फोटो. झेंडूचे हार घातलेला रॉकेलचा टँकर आणि दाराला टेकून उभा राहिलेला ड्रायव्हर... चेहरा नखाएवढा. फोटोच्या मागे शाईनं 'दादास' एवढंच लिहिलेलं.

"हे आमचे वडील," दत्तात्रयराव म्हणाले. "बाहात्तरच्या दुष्काळात घाटात टँकर पेटला, त्यात गेले. हाती कायबी लागलं न्हाई. थोरले चुलते बातमी घिऊन आलते."

ते चुलते यंदा वारले आणि त्यांच्या ट्रंकेत हा फोटो सापडला. सुभद्राबाईंकडे नवऱ्याचा दुसरा फोटोच नव्हता. लग्नाला चार वर्षं झाली होती, दत्तात्रय मांडीवर होता... आणि दिरांनी आणलेल्या त्या बातमीवर त्यांनी कपाळ पुसलं. ते आजपर्यंत तसंच आहे.

त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. "लेकरा, ज्या गाडीनं माझा मालक खाल्ला ती कोणची गाडी हाय, तेवढं सांग. म्या ती गाडी कधी डोळ्यांनी पाह्यली न्हाई."

मी चहा सांगितला आणि फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर मोठा केला. काय गाडी होती! नवीकोरी, बहुतेक तिचा पहिलाच दसरा. हारांच्या मधून जाळी आणि दोन्ही दिवे स्वच्छ दिसत होते.

मी फोटोत माणूस बघतच नाही. नजर थेट गाडीच्या तोंडावर जाते, सवयच तशी लागलीय. पेजवर जसं लिहितो तसंच त्या दिवशीही बोलून गेलो... अगदी तोऱ्यात. "मावशी, ही ती गाडी नाहीच. हे मॉडेल दुष्काळानंतर सात-आठ वर्षांनी निघालं. फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही!"

दोघंही माझ्याच तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल. म्हणून मी स्क्रीनवर बोट ठेवून दिव्यांची ठेवण समजावून सांगायला लागलो... आणि दत्तात्रयरावांनी माझा हात धरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग मी पहिल्यांदा त्या माणसाकडे पाहिलं. पोट सुटलेलं, कपाळावरचे केस मागे गेलेले. सुभद्राबाईंचा नवरा 'गेला' तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता.

सुभद्राबाई उठून स्क्रीनजवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "त्येच हायेत. असंच एका पायावर भार देऊन हुबे ऱ्हायचे... म्हंजी ते जळाले न्हाईत."

मी घाईघाईनं सारवासारव करायला लागलो. मावशी, फोटो फार खराब झालाय, माझीच चूक होत असेल... असं काहीतरी. दत्तात्रयराव खाली बघत म्हणाले, "तुमी चुकत न्हाईत. म्हणून तर इतक्या लांब आलतो."

सुभद्राबाईंनी लेकाला काहीच विचारलं नाही. मला विचारलं. "मंग म्या कपाळ कुणाच्या नावानं पुसलं, लेकरा?"

दिरांनी असं का सांगितलं, तो माणूस कुठे राहिला, दुसरा संसार मांडला का... हे सांगणारं आता कोणीच उरलेलं नाही. ज्या दिरांच्या त्या आयुष्यभर पाया पडल्या, त्यांच्याच ट्रंकेत, धाकट्या भावानं 'दादास' म्हणून पाठवलेला हा फोटो पडून होता. जाताना दत्तात्रयरावांनी फोटो खिशात घातला आणि आईला दंडाला धरून स्टँडकडे नेलं. मी दुकानाच्या पायरीवरूनसुद्धा उतरलो नाही. लाज वाटत होती.

गप्प बसता आलं असतं हो मला. जुना टँकर आहे मावशी, तोच असेल... एवढं म्हटलं असतं तर म्हातारी समाधानानं घरी गेली असती. पण ओळखलेली गाडी बोलून दाखवल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही.

काल सकाळी दत्तात्रयरावांचा फोन आला. "आई कुंकवाची डबी मागतीय. लई हट्ट धरलाय. म्हणती, त्या गाडीवाल्याला इचार, मालक आज हायेत का न्हाईत. ते सांगतील तसं करते."

मी म्हणालो, गाडीवरून एवढंच कळतं की तेव्हा ते जिवंत होते. पुढचं मला कसं कळणार?

ते हळूच म्हणाले, "मंग तेवढं तरी कशापायी सांगितलं?"

पेज आज बंद करतोय. इतकी वर्षं तुम्ही कौतुक केलंत, त्याबद्दल मनापासून आभार.