काशीरामच्या वस्तऱ्यावरचा डाग

भिवाचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत आहे. उजव्या हातावर वयाला शोभतील असे पांढरे केस, डाव्यावर एकही नाही. त्याची बायको येसूबाई म्हणते, "एक हात म्हाताऱ्याचा, एक तान्ह्या पोराचा. काम सांगायचं असलं तर कुठल्या हाताला सांगू?"

जुना, झिजलेला, गंजलेला वस्तरा भिवाकडे आला, की तो पुन्हा घासून, पातळ करून, धार लावून झाल्यावर आधी या डाव्या हातावरून फिरतो. केस ओढला न जाता उडाला तरच वस्तरा मालकाकडे परत जातो. आजवर एकही धार न लागता तसाच परत गेलेला नव्हता. लोकांनी हे त्याच्याबद्दल सांगावं आणि त्याने मान खाली घालून ऐकावं, एवढीच त्याची मिरवण्याची जागा होती.

रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात त्याचं घर आहे आणि घरामागे पत्र्याची शेड. तिथे धुण्याच्या जुन्या यंत्राची मोटर, तिच्यावर फिरणारी सहाणेची तीन लहानमोठी चाकं, पाण्याची बादली आणि खिळ्याला लटकलेला चामड्याचा पट्टा. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत उघडं पोलाद टिकत नाही, म्हणून प्रत्येक वस्तरा खोबरेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. मुंबईला, कुर्ल्याच्या एका कारखान्यात, भिवाने उमेदीची सगळी वर्षं डॉक्टरांच्या कात्र्या आणि सुऱ्या घासण्यात घालवली. कारखाना बंद पडला तेव्हा तो गावाकडे आला. भंगारातून आणलेला एक वस्तरा त्याने सहज म्हणून घासला. मुलगा अमरदीप जयगडच्या बंदरात नोकरीला असतो. त्याने फोनवरून त्या वस्तऱ्याचे फोटो कुठे कुठे पाठवले, आणि पुण्यामुंबईची माणसं कुरिअरने वस्तरे पाठवू लागली. ज्यांच्या आजोबांची दाढी न्हावी घरी येऊन करायचा, ती माणसं आता हौस म्हणून स्वतःच्या गालावर वस्तरा चालवायला शिकत होती. भिवाला त्यात हसू यायचं, पण तो हसत नसे.

या कामात तो हातमोजे घालत नाही. चाकावर पातं धरताना त्याचं बोट पात्याच्या मागे उघडं टेकलेलं असतं. बोटाला सोसेना झालं की पातं लगेच पाण्यात. पोलाद एकदा तापून रंग बदललं की त्याचं पाणी उतरतं. मग ते दिसायला पोलादच राहतं, पण ते धार धरत नाही. कितीही घासा, दोन केसांत बोथट. भिवाची बोटं त्यामुळे कायम भाजलेली आणि पाती कायम शाबूत.

गेल्या पावसाळ्यानंतर विनीत त्याच्याकडे आला. तिशीतला, बोलायला गोड मुलगा. मारुती मंदिराजवळ त्याचं मोठं सलून होणार होतं.

"काका, हा आमच्या आजोबांचा. म्हणजे त्यांच्याही वडलांचा. ओपनिंगला आजोबांना देवरूखहून आणणार आहे. पहिली दाढी त्यांनी याच वस्तऱ्याने करायची, असं डोक्यात आहे. बाकी सगळं ब्लेडवालंच, पण पहिली ही."

"हात चालतो त्यांचा?"

"ऐंशीच्या पुढे गेलेत, पण हात थरथरत नाही. फक्त याला धारच टिकत नाही. कित्येकांना दाखवला. आजोबा सांगतात, कुठल्याशा पोराने बाजारात चुलीत टाकला होता."

भिवाने फडकं उलगडलं. शिंगाची पांढरट मूठ, तिचा एक कोपरा फुटलेला, फुटल्या जागी तांब्याची तार आवळून बसवलेली. पातं उघडलं तेव्हा टोकाकडे, धारेला लागून, एक निळसर पट्टा दिसला. साचल्या पाण्यावर रॉकेल सांडावं तसा, निळा आणि कडेला जांभळा.

तो बराच वेळ तारेकडे बघत राहिला.

"होईल?" विनीतने विचारलं.

"होईल," भिवा म्हणाला. "जळका भाग सगळा घासून काढायचा. पातं अरुंद होईल, पण धरेल."

विनीत गेल्यावर त्याने वस्तरा मिटला आणि शेडचं दार ओढून घेतलं.

ती तार त्याने पूर्वी एकदाच पाहिली होती, कानाजवळून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मामाकडे, देवरूखच्या बाजूला, राहायला गेला होता. त्यांच्या वाडीचे केस गावचा न्हावी कापत नसे. वाडीतलाच कुणीतरी जमेल तसे कापायचा. पण मामा म्हणाला, बाजारात कोण कुणाला विचारतं? बाजाराच्या दिवशी ओढ्याकाठी करंजाच्या झाडाखाली काशीराम बसायचा. शेजारी तीन दगडांची चूल, पाणी तापवायला. मामाने भिवाला पुढे केलं आणि स्वतः कापडवाल्यापाशी जाऊन उभा राहिला. मानेवर कोमट पाणी, मग गार पातं. उन्हाळा होता, डोक्यात उबाळूचे फोड झाले होते, म्हणून सगळं डोकं भादरायचं होतं. आपल्याशी परकं माणूस इतक्या हलक्या हाताने वागतंय याचं भिवाला नवल वाटत होतं. डावी बाजू पुरी झाली तेव्हा मागे थांबलेल्या एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "कुणाचा रे तू? कुठल्या वाडीचा?"

शाळेत शिकवलं होतं तसं त्याने मोठ्याने, स्पष्ट सांगितलं. आपलं नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव.

हात थांबला. "ऊठ," एवढंच काशीराम म्हणाला. मग त्याने वस्तरा आधी राखेने घासला, आणि लोक बघताहेत हे बघून सरळ चुलीतल्या निखाऱ्यांत खुपसला. भिवा अर्ध्या डोक्याने तिथेच उभा राहून पातं तांबूस होताना पाहत राहिला. चूक आपली आणि शिक्षा वस्तऱ्याला का, असं त्याला वाटलं होतं. मामाने धावत येऊन स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर दाबली. ती कानांखाली आली.

त्यानंतर तो कुठल्याही न्हाव्यापुढे बसला नाही. मुंबईत कारखान्यातला एक सोबती त्याचे केस कापायचा, लग्नानंतर येसूबाई. तिने कारण एकदा विचारलं, त्याने सांगितलं, पुन्हा विषय निघाला नाही.

आता तो वस्तरा त्याच्या घरी आला होता.

त्याने काम सुरू केलं. गंज काढला, पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर घासून पोकळ केल्या, पाठ सरळ केली, तांब्याची तारसुद्धा चिंचेने घासून उजळली. आठवड्याभरात पातं आरशासारखं झालं. राहिला फक्त तो निळा पट्टा. तो काढायला अर्ध्या दिवसाचंही काम नव्हतं. रोज सकाळी भिवा मोटर सुरू करायचा आणि दुसरंच पातं हातात घ्यायचा. त्या दुपारी बाजारात असलेली माणसं एव्हाना गेली होती. मामा गेला होता. करंजाचं झाडही रस्त्यात गेलं होतं. डाग घासून काढला, की ती दुपार झाली होती असं म्हणायला भिवाशिवाय कुणी उरत नव्हतं. आणि काशीराम. काशीराम अजून होता.

त्याने विनीतला फोन केला. "आजोबा कसा धरतात ते बघायला हवं. त्याप्रमाणे घासतो."

विनीत खूश झाला. रविवारी गाडीने देवरूखला घेऊन गेला.

काशीराम पडवीत खुर्चीवर बसला होता. अंगाने वाळलेला, पण दाढी स्वच्छ. विनीतने ओळख करून दिली, रत्नागिरीचे कारागीर म्हणून. म्हाताऱ्याने भिवाचा हात हातात घेतला, बोटांची टोकं चाचपली.

"हां. कामाचा हात हाय. बसा तुमी, बसा. विनीत, चाय सांग आत."

चहा सगळ्यांना सारख्या कपांतून आला. भिवाने ते पाहिलं, आणि आपण ते पाहिलं याचाच त्याला राग आला.

काशीरामने वस्तरा उघडून उन्हाकडे धरला. आरशासारख्या पात्यात स्वतःचा डोळा बघितला आणि बोळक्या तोंडाने हसला. "माझ्या बापाकडं असताना असा व्हता."

"तो डाग जायचाय अजून," भिवा म्हणाला. "हा विस्तवात गेला कसा?"

"ती गोष्ट नको काडू. एक पोर व्हता. बाजारात यिऊन समोर बसलान, चारचौघांसारखा. कोन, कुठला, काय सांगितलान नाय. अर्ध्या डोक्यावर हात फिरला, तवा कळला. सगळा बाजार बघीत. मी काय करनार? घातला विस्तवात. तवापास्नं यानं धार धरली नाय. नासवलान माझा वस्तरा त्या पोरानं."

विनीत चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "तुम्ही तर सांगायचात, पोराने चुलीत टाकला."

"त्याच्यापायीच पडला ना? मग टाकलान त्यानंच."

कपावर माशी बसली, ती विनीतने उडवली.

"तो पोर मी," भिवा म्हणाला.

आवाज चढला नव्हता. या वाक्याची त्याने मनात इतक्या वेळा तयारी केली होती, की आता ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. काशीरामने मान पुढे काढून त्याच्याकडे बघितलं, केसांकडे, मग तोंडाकडे. भिवा वाट बघत होता. कशाची ते त्याला पक्कं ठाऊक होतं. 'चुकलं' एवढा एक शब्द. तो ऐकला असता तर घरी जाऊन त्याने डाग त्याच दिवशी घासून टाकला असता.

"तू व्हय," काशीराम म्हणाला. मघाचं 'तुमी' गेलं होतं. "मग बसायच्या आदी सांगायचा नाय? म्हयनाभर गाव माझ्यापुढं बसला नाय. पोरांना काय घालायचा हा सवाल पडलेला मला. तुझं काय, केसच व्हते. केस परत उगवतात."

त्याने वस्तरा मिटून भिवाच्या हातात दिला आणि आत ओरडून विचारलं की जेवायला काय आहे.

"काका, त्यांचं वय झालंय," विनीत हळू आवाजात म्हणाला. "जुन्या काळातलं आहे सगळं. मनावर घेऊ नका."

"नाही. धार कशाने गेली ते विचारायला आलो होतो. कळलं."

परतीच्या वाटेवर विनीत गाडी हळू चालवत होता. त्याला वाईट वाटत असावं. पण हातखंब्याच्या फाट्यावर गाडी वळवताना त्याने विचारलं, "ओपनिंगच्या आधी मिळेल ना, काका?"

भिवाने खिडकीची काच खाली केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोटर सुरू केली, बादलीत ताजं पाणी भरलं आणि खरोखरच तो वस्तरा हातात घेतला. बोट पात्यामागे टेकवलं. चाक फिरत होतं. चारसहा हात मारले असते तर निळं गेलं असतं. आणि धार लागली असती, ती कशी लागली असती हेही त्याला आधीच दिसत होतं. केसाला कळणार नाही अशी. मारुती मंदिराजवळ, टाळ्यांमध्ये, काशीरामने ती कुणाच्या तरी गालावर चालवली असती आणि लोक म्हणाले असते, काय हात आहे म्हाताऱ्याचा. त्याने मोटर बंद केली. चाक आपोआप थांबेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

विनीत न्यायला आला तेव्हा वस्तरा फडक्यात तयार होता.

"हे निळं तसंच आहे."

"धार लागणार नाही याला."

"तुम्ही तर होईल म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग निदान तेवढं पॉलिश तरी..."

"राहू दे. न्यायचा तर असा ने."

विनीतने फडकं पुन्हा गुंडाळलं. त्याला समजलं असेल, किंवा नसेलही. मजुरी देऊ लागला, भिवाने घेतली नाही. त्यावर मात्र तो दुखावला. जाताना नमस्कार न करता गेला.

वस्तरा आता सलूनमध्ये काचेच्या चौकटीत टांगलेला आहे, दिवा लावून. पात्यावरचा निळा पट्टा त्या उजेडात छान दिसतो म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं जातं की हा आगीतून वाचलेला वस्तरा आहे. आग कशी लागली ते कुणी विचारत नाही. पहिली दाढी काशीरामने विकतच्या नव्या वस्तऱ्याने केली. भिवाच्या मागे बोललं जाऊ लागलं की त्याचा हात गेला. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने फोनवर आडून आडून विचारलं, "तुमच्याकडून एक वस्तरा तसाच परत गेला, असं ऐकलं." "गेला," भिवा म्हणाला. त्या गिऱ्हाइकाचे वस्तरे यायचे बंद झाले.

महिन्याच्या शेवटी येसूबाईने त्याला अंगणात चिऱ्याच्या पायरीवर बसवलं, खांद्यावर जुनं लुगडं टाकलं आणि कात्री घेतली. डावी बाजू झाली. ती उजवीकडे आली.

"खरंच होत नव्हता तो?"

"होत होता."

"मग?"

"म्हातारा म्हणाला, केस परत उगवतात. म्हटलं, धारही उगवू दे."

येसूबाई हसली नाही. तिचा हात कात्रीसकट त्याच्या कानापाशी थांबला. भिवाची मान खाली होती आणि एका बाजूचे केस लुगड्यावर पडलेले होते.

"थांबू नको गो," तो म्हणाला.