चिठ्ठीत लिहिलेली कंबर

आमच्या आळीत त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. इस्पितळात एमआरआयच्या मशीनवर बसून दिवसभर माइकवर "हलू नका, हलू नका" म्हणतो, म्हणून तो हलूनका. बायकोसुद्धा "आमचे हलूनका अजून आले नाहीत" असंच सांगते. बावीस वर्षं त्याने माणसांच्या अंगठ्या, चाव्या, कवळ्या काढून घेतल्या आणि त्यांना त्या बोगद्यात सरकवलं. एका आजोबांनी कवळी मुकाट्याने दिली, पण कंबरपट्टा सोडायला घरून सूनबाईंची परवानगी मागवली.

पडद्यावर काय दिसतंय ते त्याला नव्या डॉक्टरांच्या आधी कळतं. पण बोलायचं नाही. फोटो टेक्निशियनने काढायचे, वाचायचे रिपोर्टवाल्या डॉक्टरांनी. आणि चिठ्ठीत जेवढं अंग लिहिलंय तेवढंच काढायचं. एकदा शेजाऱ्याच्या मानेबरोबर त्याने पाठही काढून दिली, तर हातात मेमो पडला: 'ओळखीच्यांना जास्तीची सेवा'. तेव्हापासून गडी सुतासारखा सरळ.

एका सकाळी दहा वाजता त्याच्या सख्ख्या ताईने भाऊजींना चाकाच्या खुर्चीतून आणलं.

"काय भाऊजी, आज इकडे कसे?"

"तुझी नोकरी टिकावी म्हणून! कंबर गेली बघ."

भाऊजींना हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती. सकाळी दाढी करताना पाठीत सुरी खुपसल्यासारखं झालं आणि तासाभरात पाय जड पडले. पाठीत कुठेही दुखलं तरी माणसं कंबरच म्हणतात. अपघात विभागातल्या डॉक्टरांनीही ऐकलं तेच लिहिलं: कंबर.

टेबलावर आडवं करताना भाऊजी पोटावर हात ठेवून म्हणाले, "बेंबीच्या वर मी आहे रे. खाली कोण झोपलंय कुणास ठाऊक!"

हलूनका हसला, पण लगेच त्याच्या ध्यानात आलं. बेंबीपासून बधिर, म्हणजे दुखणं कंबरेच्या बरंच वर. कंबरेचे फोटो स्वच्छ आले. फक्त सगळ्यात वरच्या कडेला, मज्जारज्जूच्या मागे, नसायला हवं असं काहीतरी डोकावत होतं. टेबल वीतभर सरकवायचं, दहा मिनिटं जास्तीची. बोट बटणापर्यंत गेलं. बाहेर अकरा माणसं ताटकळत होती, आणि आत सख्ख्या बहिणीचा नवरा. त्याने रिपोर्टवाल्या डॉक्टरांना फोन लावला.

"चिठ्ठीत काय आहे?"

"कंबर. पण सर, माझे भाऊजी आहेत, वरती—"

"मग कंबर द्या. नातेवाईक ना तुमचे? मग तर नियमानेच करा."

त्याने बोट मागे घेतलं.

"ताई, पाठीची नवी चिठ्ठी आण. पळ."

"काही दिसलं का रे?"

"मला सांगता येत नाही, ताई."

ताई पळाली. तोवर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांची पाळी संपली होती. नवे म्हणाले, आधी कंबरेचा रिपोर्ट येऊ द्या. तो दुपारी जेवणानंतर आला: कंबर ठीक. नवी चिठ्ठी हातात पडली तेव्हा पाच वाजले होते.

या वेळी स्वच्छ दिसलं. मणक्यांच्या नळीत रक्त साकळलेलं, बोटभर लांब, आणि मज्जारज्जू त्याखाली चपटा झालेला. तासाभरात ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "धोका टळला. पायांचं सांगता येत नाही. सकाळीच कळायला हवं होतं."

पाय परत आले नाहीत. चौकशी झाली, सगळं नियमाने झाल्याचं निघालं. हलूनकाच्या फाइलला शाबासकीचा कागद लागला.

भाऊजी आता पलंगावरून आल्यागेल्याला सांगतात, "आमच्या मेहुण्याने पकडलं! बाकी सगळे कंबर कंबर करत बसले होते." हलूनका रोज कामावरून सुटला की तिथे जातो, त्यांना उचलून खुर्चीत बसवतो, अंग पुसतो. "अरे हळू, मी काय तुझं मशीन आहे?" असं ओरडून घेतात, आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळतात.

परवा स्वयंपाकघरात त्याने ताईला सांगून टाकलं. सकाळीच दिसलं होतं म्हणून.

ताईने गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "मिरवायला एवढंच उरलंय त्यांच्याकडे. आणि उद्यापासून पाचच्या आत येत जा. मला एकटीला ते उचलवत नाहीत."